पालक तुरुंगात, मूल बालकल्याण समितीपुढे: काय करायचं, केव्हा आणि कोणत्या क्रमाने

बालगृहाच्या फाटकाशी डब्यात लाडू घेऊन उभी असलेली आजी मी अनेकदा पाहिली आहे. तिला आत सोडत नाहीत, "समितीचं पत्र आणा" म्हणतात. ही समिती, म्हणजे अशा मुलांना कुठे ठेवायचं हे ठरवणारी बालकल्याण समिती, कुठे बसते हे तिला ठाऊक नसतं. विचारत विचारत ती आमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा दोन-तीन महिने उलटलेले असतात आणि मुलाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून झालेली असते: "पालकांचा संपर्क नाही."

मुलाचा बाप त्या वेळी सरकारच्याच ताब्यात असतो. मूलही सरकारच्याच ताब्यात असतं. पण तुरुंग गृह विभागाकडे आणि बालगृह महिला व बालविकास विभागाकडे असल्यामुळे या दोन फाइली आपणहून एकमेकींना भेटत नाहीत. त्यांची गाठ कोणीतरी घालून द्यावी लागते. पॅरालीगल स्वयंसेवक, म्हणजे कायद्याच्या कामात लोकांना मदत करणारी कार्यकर्ती, म्हणून मी बहुतेक वेळ हेच काम करते. ते नातेवाइकांनाही जमण्यासारखं आहे, फक्त क्रम चुकता कामा नये.

इथे लिहिलेलं महाराष्ट्रातल्या पद्धतीप्रमाणे आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा मूळ कायदा केंद्राचा असल्यामुळे गोव्यातही मुदती आणि अधिकार तेच आहेत.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी

मूल आजी-आजोबांकडे, मावशीकडे किंवा काकांकडे सुखरूप असेल, शाळेत जात असेल, तर केवळ आई किंवा वडील तुरुंगात आहेत म्हणून त्याला समितीपुढे नेलंच पाहिजे असं नाही. घाबरून स्वतःच मुलाला बालगृहात नेऊन सोडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. तसं करू नका. आर्थिक मदत हवी असेल तर तिचा मार्ग पायरी ७ मध्ये आहे.

दुसरी गोष्ट. पालकावरचा आरोप त्याच मुलाला इजा केल्याचा किंवा पोक्सोचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचा) असेल, तर हा लेख त्या पालकाच्या बाजूने वापरू नका. पोक्सो प्रकरणात मुलाला घरात ठेवायचं की नाही हे समिती तीन दिवसांत ठरवते. आरोपी पालकाने पत्र, फोन किंवा नातेवाइकाचा निरोप यांतल्या कोणत्याही मार्गाने मुलाशी संपर्क साधायचा नसतो. तिथे मुलासोबत उभं राहायचं ते दुसऱ्या पालकाने किंवा आरोपीच्या दबावाखाली नसलेल्या नातेवाइकाने.

पायरी १: मूल कुठे आहे आणि कोणाच्या आदेशाने, हे आधी शोधा

काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल पोलिसांना किंवा चाइल्ड हेल्पलाइनला सापडलं, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समिती त्याच वेळी त्याला बालगृहात, मान्यताप्राप्त संस्थेत किंवा 'योग्य व्यक्ती'कडे (समितीने पारखून मान्य केलेल्या माणसाकडे) तात्पुरतं ठेवण्याचा आदेश देते. म्हणजे एक कागद त्या दिवसापासून अस्तित्वात असतो. तुम्हाला त्याच कागदाचा क्रमांक हवा आहे.

आधी अटक झालेल्या पोलीस ठाण्यात जा. तिथे बालकल्याण पोलीस अधिकारी म्हणून नेमलेला एक अधिकारी असतो, त्याला विचारा. तिथे उत्तर मिळालं नाही तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. हे कार्यालय जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतं. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन केलात तर तारीख, वेळ आणि काय सांगितलं ते वहीत लिहून ठेवा.

लिहून घ्यायच्या गोष्टी: मुलाचं नाव समितीच्या कागदावर जसं लिहिलंय अगदी तसं, प्रकरण क्रमांक, हजर केल्याची तारीख, संस्थेचं नाव, पुढची तारीख. नावाची खात्री कराच. घाबरलेलं पोर स्वतःचं नाव अर्धवट सांगतं, आडनाव चुकीचं पडतं आणि मग आजीच्या आधारकार्डाशी काहीच जुळत नाही.

*सावधान:* मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर एक दिवसही दवडू नका. अनाथ, सोडून दिलेलं किंवा तसं दिसणारं लहान मूल विशेष दत्तक संस्थेत ठेवलं जातं. पालकांचा शोध लागला नाही तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाला चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करता येतं. मुलाच्या फोटोसह वर्तमानपत्रात सूचना येते खरी, पण बराकीतल्या आईच्या हाती ते वर्तमानपत्र पडेलच याचा भरवसा नाही.

पायरी २: तुरुंगातून पत्र

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि लोक नेमकी हीच सोडतात. "तो आत आहे, तो काय करणार?" असं घरचे म्हणतात. तो लिहू शकतो. लिहिता येत नसेल तर सांगून लिहवून घेऊन अंगठा उठवू शकतो. मूल टाकून दिलेलं नाही हे समितीला कळण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

क्रम असा ठेवा. तुरुंगातल्या भेटीच्या, म्हणजे मुलाखतीच्या, वेळी पायरी १ मधली माहिती पालकाला द्या. प्रत्यक्ष मुलाखत लवकर मिळत नसेल तर ई-मुलाकातीसाठी (व्हिडिओवरच्या भेटीसाठी) नोंदणी करा. मग पालकाने तीन प्रतींत अर्ज लिहावा: एक समितीला, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत वकील देणारं सरकारी कार्यालय), एक स्वतःजवळ, आणि तिची छायाप्रत बाहेर तुमच्याकडे. अर्जावर कारागृह अधीक्षकांमार्फत सही साक्षांकित करून घ्यावी आणि जावक क्रमांक मागून घ्यावा. तो क्रमांक बाहेर तुम्हाला कळला की समितीच्या कार्यालयात जाऊन अर्ज आवक झाला का ते तपासा. झाला नसेल तर तुमच्याकडची छायाप्रत स्वतः द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

मजकूर लांबलचक नको. आम्ही साधारण असा लिहून घेतो:

"प्रति, मा. अध्यक्ष व सदस्य, बालकल्याण समिती. मी, बंदी क्रमांक अमुक, सध्या अमुक कारागृहात आहे. माझी मुलगी, वय अमुक, हिला अमुक तारखेस आपल्यासमोर हजर करण्यात आल्याचे मला समजले. मी माझ्या मुलीला सोडून दिलेले नाही. माझी सुटका होईपर्यंत तिला माझ्या आईकडे ठेवावे अशी माझी विनंती आहे. आईची त्यास तयारी आहे. मुलीबाबत अंतिम निर्णय घेण्यापूर्वी माझे म्हणणे व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे अथवा परिवीक्षा अधिकाऱ्यांमार्फत नोंदवून घ्यावे. मुलीला माझ्याशी भेटण्याची व बोलण्याची संधी मिळावी. आपल्या आदेशाची प्रत कारागृह अधीक्षकांमार्फत मला मिळावी."

एवढं पुरे. (परिवीक्षा अधिकारी म्हणजे समितीसाठी घरची चौकशी करणारा अधिकारी.) गुन्ह्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. तुरुंगातून जाणारं पत्र तपासलं जातं, शिवाय ते फाइलमध्ये कायमचं राहतं. "मी निर्दोष आहे, मला अडकवलं" हेसुद्धा इथे नको. समिती त्या खटल्याचा निकाल देत नाही.

आई-वडील दोघेही आत असतील तर दोघांनी वेगवेगळे अर्ज करावेत.

*तपासा:* फौजदारी खटल्याचा वकील समितीपुढे आपोआप उभा राहत नाही. कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला, तसंच स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत वकील मिळतो. तुरुंगातल्या विधी सेवा केंद्रात "समितीच्या कामासाठी वकील हवा" असं स्पष्ट लिहून द्या. बाहेरून चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

पायरी ३: मुलाला कोण सांभाळणार, हे घरात बसून ठरवा

समितीपुढे जाऊन ठरवू, असं म्हणू नका. आजीही दावा करते, काकाही करतो, दोघं समितीच्या दालनाबाहेर भांडतात आणि ते भांडण मुलाच्या कानावर जातं. कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे, पण भांडणाऱ्या घरापेक्षा बालगृह बरं असं समितीला वाटलं तर त्यात तिची चूक नाही.

एकच नाव ठरवा. सगळ्यांत जवळचं नातं कोणाचं यापेक्षा रोज सकाळी डबा भरून मुलाला शाळेत कोण पाठवू शकेल याला जास्त महत्त्व द्या. आजी सत्तरीची असेल तर तिच्यासोबत हात लावणारं दुसरं कोण आहे ते सांगता आलं पाहिजे.

आईचा मृत्यू झालेला आणि त्याच प्रकरणात वडील आत, अशा घरांत हा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. तिथे मूल बहुधा साक्षीदारही असतं. आरोपीच्या घरच्यांनी मुलासाठी हट्ट धरला की साक्ष फिरवण्याचा संशय येतो, आणि तो अगदीच अनाठायी असतो असं म्हणता येत नाही. मामाकडचं घर चांगलं असेल तर वडिलांनी स्वतःच्या अर्जात मामाचं नाव सुचवावं, असं मी स्पष्ट सांगते. जड जातं, पण मुलासाठी तेच सुरक्षित असतं.

कागद गोळा करा: मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाइड दाखला, लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्ड, सांभाळणाऱ्याचं आधारकार्ड, भाडेकरार किंवा वीजबिल, नातं दाखवणारा एखादा जुना कागद. पालक तुरुंगात असल्याचा दाखला कारागृहातून अर्ज करून मिळवा. नातं दाखवणारं काहीच नसेल तर बारशाचा किंवा वाढदिवसाचा फोटोसुद्धा न्या. कायद्याने तो पुरावा अपुरा असेल, पण परिवीक्षा अधिकारी तो बघतात.

पायरी ४: गृहचौकशी

समितीच्या सांगण्यावरून समाजसेवक, बाल संरक्षण कक्षाचा कर्मचारी किंवा परिवीक्षा अधिकारी घरी येतो. या चौकशीला १५ दिवसांची मुदत आहे आणि अंतिम आदेश मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत व्हावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा फोन करून विचारत राहा.

घर झाडून-पुसून ठेवण्यात लोकांचा सारा जीव जातो. चाळीतली एक खोली आहे म्हणून कोणी मूल नाकारत नाही. अधिकारी बघतो ते वेगळंच: मूल झोपणार कुठे, शाळा किती लांब, घरात दारू पिणारं कोणी आहे का, शेजारी काय सांगतात, आणि मुलाबद्दल तुम्हाला किती माहिती आहे. मुलाला कशाची अॅलर्जी आहे, कोणत्या इयत्तेत आहे, रात्री कशाला घाबरतं, हे सांगणाऱ्या माणसाचा अहवाल वेगळा लिहिला जातो.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे खोटं बोलणं. "बाप दुबईला आहे", "आई बाळंतपणाला माहेरी गेली." शेजाऱ्यांशी बोलताना ही लाज समजण्यासारखी आहे. अधिकाऱ्यासमोर मात्र एक खोटं पकडलं गेलं की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. पालक कुठे आहे, कोणत्या कलमाखाली आहे, जामिनाचं काय झालं, हे सरळ सांगा.

*तपासा:* अधिकारी जाताना त्यांना विचारा, "तुरुंगात जाऊन किंवा व्हिडिओवर पालकाशी बोलणार आहात का?" उत्तर "बघू" असं आलं तर समितीला तसा एक पानाचा अर्ज द्या. पालकाशी न बोलता लिहिलेला अहवाल अर्धाच असतो आणि ते लेखी सांगायचा तुम्हाला अधिकार आहे.

पायरी ५: सुनावणी

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, पण खोलीचं रूप कोर्टाचं नसतं. टेबलाच्या पलीकडे बसलेली माणसं मुलाशी हळू बोलतात. तुम्हीही तसंच बोला. प्रकरणाचा अंतिम निर्णय होताना किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. आदेशावर सह्या किती आहेत ते पाहायला विसरू नका.

मुलाला आदल्या दिवशी पढवू नका. "असं सांग नाहीतर तुला परत पाठवतील" हे वाक्य मूल जसंच्या तसं सदस्यांना सांगतं. एवढंच सांगा की तिथे काकू-काका प्रश्न विचारतील, तुला जे वाटतं ते बोल.

तारखेला येणं जमणार नसेल तर आधी लेखी कळवा. एका तारखेची गैरहजेरी खपून जाते. दोनदा न कळवता गेला नाहीत की फाइलमध्ये "नातेवाईक उदासीन" असं येतं.

*सावधान:* कुठल्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही-अंगठा नको. मुलाला काही काळ संस्थेत ठेवायला संमती देणं आणि मूल कायमचं सरेंडर करणं (त्याच्यावरचा हक्क सोडून देणं) या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सरेंडर समितीसमोरच होतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. ते उलटले की मूल दत्तकासाठी मुक्त होतं. तुरुंगातल्या एका आईने "शाळेसाठीचा कागद" समजून सही केल्याचं माझ्यासमोर आलं होतं. फेरविचाराची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा तिने तुरुंगातूनच सरेंडर मागे घेत असल्याचं लेखी कळवलं. "चांगल्या घरी देतो" म्हणणारा ओळखीचा माणूस आला तर त्याला दाराबाहेरच थांबवा. समितीला टाळून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे.

पायरी ६: आदेश हातात घेऊन वाचा

"मुलगा मिळाला" एवढं ऐकून लोक घरी जातात. आदेशात काय लिहिलंय? मुलाला कुटुंबात परत दिलंय, की योग्य व्यक्ती म्हणून तुमच्या ताब्यात काही काळासाठी दिलंय? देखरेख कोण करणार? पुन्हा केव्हा हजर करायचं? तालुका किंवा जिल्हा सोडताना कळवायचं आहे का? या अटी मोडल्या तर मूल परत जाऊ शकतं. योग्य व्यक्ती ठरल्याने तुम्ही कायदेशीर पालक होत नाही. मालमत्तेसाठी पालकत्व हवं असेल तर ते १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयातून घ्यावं लागतं.

आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. प्रतिपालकत्व (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि प्रायोजकत्व (मुलासाठी आर्थिक मदत) यांच्या निर्णयांवरचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रारही जिल्हाधिकाऱ्यांकडेच. आदेशाची प्रत पालकाला तुरुंगात पोहोचवा. त्याला वाचून दाखवणारा कोणी आहे का ते बघा.

पायरी ७: पैसे

महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून कुटुंबात राहणाऱ्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. जन्मठेप झालेल्या कैद्यांची मुलं त्यात स्पष्टपणे येतात. पालक कच्चा कैदी (खटला अजून चालू असलेला) असेल तर कौटुंबिक संकटातलं मूल म्हणून अर्ज करून बघा. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखालच्या प्रायोजकत्वात महिन्याला ४,००० रुपये आहेत. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा. पैसे यायला वेळ लागतो, त्यावर उसनवारी करू नका.

पायरी ८: गाठभेट तुटू देऊ नका, आणि तिची नोंद ठेवा

मूल संस्थेत असेल तर तिथल्या भेटीच्या वहीत प्रत्येक वेळी सही करा. पुढे कधी "या मुलाला कोणी विचारत नाही" असा प्रश्न आला तर ती वही तुमची साक्ष असते. पालकाने महिन्याला एक तरी पत्र पाठवावं. दुसऱ्या तुरुंगात बदली झाली तर त्याच आठवड्यात समितीला आणि संस्थेला नवा पत्ता कळवावा. येरवड्याहून नाशिकरोडला हलवलेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस मिळत नाही.

मुलाला तुरुंगात भेटीला नेताना आधी त्याला विचारा. नको म्हणालं तर ओढून नेऊ नका, पत्रापासून सुरुवात करा. जाळीपलीकडून बाप बघून आल्यावर रात्रभर न झोपलेली मुलं आहेत. राज्यातल्या कारागृहांमध्ये मुलांसाठी गळाभेटीचा उपक्रम होतो. तिथे पालकाला मुलाला जवळ घेता येतं. त्याची तारीख कारागृहात विचारत राहा.

मुलाचे फोटो किंवा समितीचे कागद व्हॉट्सअॅपच्या गटात टाकू नका. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे.

*आईसोबत आत राहणारं मूल:* सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय प्रकरणात घालून दिलेल्या नियमांप्रमाणे मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. त्यानंतर आईच्या इच्छेप्रमाणे योग्य माणसाकडे द्यायचं किंवा संस्थेत ठेवायचं, आणि संस्थेत असेल तर आठवड्यातून किमान एकदा आईची भेट घडवायची. पाचव्या वाढदिवसालाच तयारीला लागा. सहावं संपायच्या आदल्या आठवड्यात नातेवाईक शोधायला निघालात, तर मूल एका रात्रीत आईपासून तुटून अनोळखी खोलीत जाऊन पडतं. मुलाचा जन्म कैदेत झाला असला तरी जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचा नाही, हेही त्याच निकालात आहे. दाखला हातात पडताच ती जागा वाचा.

पायरी ९: सुटका झाल्यावर

जामीन मिळाला किंवा शिक्षा संपली की पालक थेट बालगृहावर जातो. पोटची ओढ असते ती, पण तिथून मूल हाती मिळत नाही आणि फाटकावरचा वाद नोंदवहीत जातो. आधी समितीकडे अर्ज करा: सुटकेचा कागद, राहण्याचा पत्ता, कामाचं काय ठरलंय, घरात आणखी कोण आहे. पुन्हा गृहचौकशी होईल, मुलाला विचारलं जाईल. मूल लगेच यायला तयार नसेल तर समितीकडे भेटी वाढवून मागा: आधी संस्थेत तासभर, मग सुटीचा एक दिवस, मग सणाचे चार दिवस घरी. जामिनाच्या अटींत मुलाला किंवा साक्षीदारांना भेटायला मनाई असेल तर ती अट जामीन देणाऱ्या न्यायालयातून बदलून घेईपर्यंत यांतलं काहीही करायचं नाही.

अर्जासोबत आत असताना पाठवलेल्या पत्रांच्या प्रती आणि जावक क्रमांकांची यादी जोडा. तारखेप्रमाणे लावून, सर्वांत जुनं पत्र वर ठेवून.